अठरा घोडे पुरेत

लाँगब्रिज, ऑगस्ट १९५९

दार उघडायला हँडल शोधत बसू नका. दाराच्या आतल्या बाजूला एक दोरी ताणलेली आहे, ती ओढली की खटका सुटतो. काच खाली उतरत नाही, मागे सरकते. आणि किल्ली फिरवून गाडी सुरू होत नाही म्हणून घाबरू नका, स्टार्टरचं बटण खाली, दोन सीटांच्या मध्ये फरशीवर आहे. वाका आणि दाबा.

तुम्ही बसला आहात एका कोऱ्या मिनीमध्ये. २६ ऑगस्टला ती लोकांसमोर आली. लांबी जेमतेम दहा फूट, चाकं दहा इंची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, यात दोन माणसं बसली तरी पुष्कळ. आत चार जण बसतात, आणि दारांच्या पोकळीत केलेल्या खणांत सामानही मावतं. सुएझच्या पेचप्रसंगानंतर १९५६च्या अखेरीला ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना तातडीने एक खरीखुरी छोटी गाडी हवी होती. ते काम त्यांनी अलेक इसिगोनिस यांच्याकडे सोपवलं. त्यांनी जागेचा हिशेब इतक्या काटेकोरपणे केला, की गाडीच्या लांबीचा बहुतेक भाग माणसांना मिळाला आणि यंत्राला उरलेल्या कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं.

बॉनेट उघडा. इंजिन आडवं आहे. तुम्ही मारुती ८००ची पिढी पाहिलेली असेल तर यात विशेष काही वाटणार नाही, कारण १९८३च्या डिसेंबरात आपल्याकडे आलेल्या त्या गाडीतही इंजिन आडवंच होतं आणि ओढ पुढच्याच चाकांना होती. पण या क्षणी, १९५९ साली, ही मांडणी बघून बरेच मिस्त्री डोकं खाजवत आहेत. गिअरबॉक्स कुठे गेला? वाका, इंजिनाच्या पोटाखाली पाहा. सम्पमध्येच गिअर बसवले आहेत. इंजिनाला आणि गिअरला एकच ऑइल. सस्पेन्शनमध्ये पोलादी स्प्रिंगा नाहीत, अलेक्स मोल्टन यांनी बनवलेले रबरी शंकू आहेत. चारही चाकं गाडीच्या अगदी टोकांना, पुढे-मागे लोंबणारं काही नाही.

आता चालवून बघा. ८४८ सीसी, ३४ हॉर्सपॉवर. सरळ रस्त्यावर गाडी काही उडत नाही. गिअरचा लांबलचक दांडा हातात थरथरतो, इंजिन कण्हत वर चढतं. पण पहिलं वळण येतं आणि तुम्ही चमकता. ब्रेकवर जाणारा पाय अर्ध्यात थांबतो, कारण त्याची गरजच पडत नाही. गाडी कलत नाही, ढळत नाही, सरळ वळणातून निघून जाते. इंजिनाची लायकी नसलेल्या वेगाने ही गाडी वळते. चाकांजवळ शिल्लक आहे आणि इंजिनाजवळ खडखडाट, असा हा प्रकार आहे. जो कोणी गाड्यांच्या शर्यतीत चार दिवस घालवून आला असेल, त्याच्या डोक्यात याच वळणावर एक किडा वळवळायला लागतो.

सर्बिटन, १९६१

तो किडा ज्यांच्या डोक्यात सगळ्यात आधी वळवळला त्यांच्यापैकी एक म्हणजे जॉन कूपर. लंडनच्या नैर्ऋत्येला सर्बिटन इथे त्यांचं गॅरेज आहे. इमारत पाहून वाटणार नाही, पण इथे बनलेल्या गाड्यांमधून जॅक ब्रॅबहॅम १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. मोठमोठी इंजिनं पुढे ठेवून धावणाऱ्या भारी गाड्यांना कूपर मंडळींनी इंजिन मागे ठेवलेल्या लहान, हलक्या गाड्यांनी हरवलं. हलकी गाडी काय करू शकते हे या माणसाला कोणी समजावून सांगायला नको.

मिनीला शर्यतीत उतरवायची ही कल्पना इसिगोनिस यांना मात्र फारशी रुचलेली नाही. त्यांनी गाडी बनवली ती साध्या माणसासाठी. कूपर मग थेट वर, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमधले वरिष्ठ जॉर्ज हॅरिमन यांच्याकडे जातात आणि परवानगी मिळवतात. शर्यतींच्या नियमांसाठी हजार गाड्या बनवाव्या लागणार, तेवढ्या बनवायला कंपनी तयार होते. कूपर यांना प्रत्येक गाडीमागे दोन पौंड. हजार गाड्या तरी खपतील का, अशी तेव्हा शंका होती.

तुम्ही त्या पहिल्या मिनी कूपरचं बॉनेट उघडता. इंजिन ९९७ सीसीचं झालं आहे. बोअर किंचित कमी केला आहे आणि स्ट्रोक भरपूर वाढवून ८१ मिलिमीटरवर नेला आहे. एकाऐवजी दोन एस.यू. कार्बोरेटर शेजारी शेजारी बसवले आहेत. अँबॅसिडरवर हात काळे केलेल्या आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हा कार्बोरेटर डोळे झाकून खोलता येतो: वरचा पितळी नट काढायचा, ऑइल आहे का पाहायचं, घुमट उचलायचा, आतला पिस्टन आणि त्याच्या बुडाची निमुळती सुई तपासायची. इथे तेच, फक्त जोडीने. दोन्हींनी एकसारखा श्वास घ्यायला हवा, म्हणून तुम्ही रबरी नळीचं एक टोक कानाला लावता, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरता आणि फुसफुस एकसारखी येईपर्यंत स्क्रू फिरवत राहता.

५५ हॉर्सपॉवर. ३४ वरून ५५ म्हणजे दीडपटीहून जास्त. पण कूपर यांच्या अनुभवाचा खरा पुरावा बॉनेटखाली नाही. पुढचं चाक काढा. दहा इंची रिममध्ये सात इंची डिस्क ब्रेक कोंबला आहे. एवढा छोटा डिस्क ब्रेक लॉकहीडला मुद्दाम बनवावा लागला. वेग वाढवायच्या आधी थांबायची सोय करायची, ही शर्यतीतली शिस्त. आपल्याकडे पुष्कळदा उलट होतं. आधी सायलेन्सर बदलला जातो, मग एअर फिल्टर, आणि ब्रेकची आठवण एखादी भिंत जवळ आल्यावर होते.

डाउंटन, १९६३

सॉल्सबरीजवळचं हे खेडं. इथल्या एका वर्कशॉपमध्ये डॅनियल रिचमंड हा माणूस मिनीच्या इंजिनातून असा काही दम काढतो आहे, की कंपनीने स्पर्धा लावायच्या ऐवजी त्याचाच सल्ला घ्यायला सुरुवात केली आहे. कूपर एस या नव्या अवताराच्या हेडमागे त्याचं डोकं आहे.

एप्रन बांधा. तुमच्यासमोर लोखंडी हेड उलटं ठेवलं आहे. चार सिलिंडरचं इंजिन, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायला चार तोंडं हवीत. मोजा. दोनच आहेत. पहिला-दुसरा सिलिंडर एका पोर्टमधून श्वास घेतात, तिसरा-चौथा दुसऱ्यातून. बाहेर जायला तीन, मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच वाटेने निघतो. त्यात इंजिन पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन असा. म्हणजे दोनचा श्वास संपत येतो तोच एकचा सुरू होतो. चाळीतल्या एका नळावर दोन हंडे लावल्यासारखी अवस्था: पहिलीचा पुरता भरला नाही तोवर दुसरीने हंडा पुढे सरकवलेला असतो.

ही मूळ रचना बदलता येत नाही. मग काय करता येतं? वाटेतले अडथळे काढता येतात. तुम्ही ग्राइंडर हातात घेता. मोह होतो तो सगळं पोर्ट कोरून मोठं करायचा. ते करू नका. पोर्ट फार मोठं झालं की हवेचा वेग मंदावतो, आणि कमी आरपीएमला गाडी मान टाकते. खरी अडचण खोलवर आहे, जिथे वाट वळून व्हॉल्व्हच्या सीटकडे जाते. तिथे कास्टिंगचा एक खडबडीत कंगोरा आहे आणि व्हॉल्व्ह गाइडचा उंचवटा आहे. बोट घालून तुम्हाला तो लागतो. तेवढाच हळूहळू घालवायचा. मग गॅस्केटचा नमुना ठेवून रेघ मारायची आणि मॅनिफोल्डचं तोंड व पोर्टचं तोंड तंतोतंत जुळवायचं. एक मिलिमीटरची पायरी राहिली तरी हवा तिथे ठेचकाळते. आरशासारखी चकाकी आणायला जी पोरं रात्र घालवतात त्यांना कौतुक मिळतं, घोडे मिळत नाहीत. आकार महत्त्वाचा.

व्हॉल्व्ह मोठे बसवायचे, पण त्यालाही मर्यादा आहे. दोन व्हॉल्व्हच्या मधली लोखंडाची भिंत आधीच बारीक; ती आणखी बारीक झाली की तापून तिथे तडा जातो. या जातीच्या हेडचा हा जुना रोग आहे. प्रत्येक फायद्याची किंमत कुठे वसूल होते हे ज्याला माहीत असतं, तोच इथे हात घालतो.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. व्हॉल्व्ह जागेवर बसवा, स्पार्क प्लग लावा, दहनकक्षाच्या कडेला ग्रीसचा पातळ हात द्या आणि वर भोक पाडलेली काच चिकटवा. काचेच्या ब्यूरेटमध्ये रॉकेल भरा. तोटी किंचित सोडा. थेंब पडतात, काचेखाली हवेचा बुडबुडा आक्रसत जातो, शेवटी टाचणीच्या डोक्याएवढा होऊन नाहीसा होतो. आकडा वाचा, लिहा. मग दुसरा कक्ष, तिसरा, चौथा. चारही आकडे सारखे यायला हवेत, आणि पहिल्यांदा ते कधीच येत नाहीत.

एवढा अट्टहास कशासाठी? हिशेब करा. नव्या इंजिनाची क्षमता १०७१ सीसी. भागिले चार, म्हणजे एका सिलिंडरला साधारण २६८. ते मिश्रण अकरापट दाबायचं तर पिस्टन वर पोचल्यावर सगळी मिळून २७ सीसीपेक्षाही थोडी कमी जागा उरली पाहिजे. त्यात एका सीसीचा फरक पडला की अकराचे जवळजवळ साडेअकरा होतात. म्हणजे एक सिलिंडर ठोके द्यायला लागला असताना शेजारचा अजून आळसावलेला असतो, आणि मिस्त्रीला टायमिंग त्या सगळ्यात वाईट सिलिंडरला सांभाळून लावावं लागतं. चारही कक्ष सारखे करण्याने ताकद ‘वाढत’ नाही. असलेली ताकद तीन सिलिंडरांना मागे खेचण्यात वाया जायची थांबते.

अ‍ॅबिंग्डन, १९६३चा हिवाळा

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात एम.जी.चा कारखाना आहे आणि त्याच्या आवारात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा स्पर्धा विभाग. प्रमुख स्टुअर्ट टर्नर. वर्षभरापूर्वी, १९६२ साली, पॅट मॉस आणि अ‍ॅन विझडम या दोघींनी ट्यूलिप रॅली मिनी कूपरमध्ये जिंकून दाखवली आहे. आता नजर माँटे कार्लो रॅलीवर.

स्टँडवर उघडं पडलेलं १०७१चं ब्लॉक पाहा. गंमत अशी की याचा स्ट्रोक ६८.२६ मिलिमीटर, म्हणजे १९५९च्या त्या गरीब मिनीएवढाच. वाढवला आहे तो बोअर, ६३ वरून साडेसत्तरच्या पुढे. पण ब्लॉकची लांबी वाढवायला जागा नव्हती. मग बाहेरचे दोन सिलिंडर आणखी बाहेर सरकवले आणि मधले दोन एकमेकांच्या जवळ आणले. स्ट्रोक आखूड असल्यामुळे पिस्टनची धाव कमी, त्यामुळे इंजिन बिनधास्त वर फिरतं. मोठा बोअर म्हणजे मोठ्या व्हॉल्व्हला जागा. क्रँक खास पोलादाचा, पृष्ठभाग नायट्रोजनने कडक केलेला. कारखान्यातून बाहेर पडतानाच ७० हॉर्सपॉवर, डिस्क साडेसात इंची.

कामगार गिअरबॉक्स बंद करताहेत. दात सरळ कापलेले आहेत, म्हणून चालताना रडका आवाज येतो. पण तिरप्या दातांप्रमाणे ते एकमेकांना कडेला ढकलत नाहीत. गिअर जवळजवळचे ठेवले आहेत. एक सोडून दुसरा टाकताना आरपीएम फार पडत नाही, इंजिन आपल्या दमाच्या टप्प्यातच राहतं. शेवटचं रिडक्शन आखूड केलं आहे. सरळ रस्त्यावरचा शेवटचा वेग त्यामुळे कमी होतो, आणि कोणालाही त्याचं दुःख नाही. आल्प्सच्या घाटांत सरळ रस्ता असतोच कुठे?

एक गोष्ट तुम्हाला खटकेल. हलकी म्हणून निवडलेली ही गाडी इथे जड होत चालली आहे. सम्पमध्येच गिअरबॉक्स असल्याने एक दगड लागला की दोन्ही गेले. म्हणून पोटाखाली जाड धातूची ढाल. पुढे जादा दिवे. तापणारी काच, कारण उणे तापमानात श्वासाचाही बर्फ होतो. जास्तीची चाकं, टायर, अवजारं. कुठून तरी दहा किलो काढायचे आणि कुठेतरी वीस घालायचे. पण नीट पाहिलं तर यातलं बरंचसं वजन वाटेल तिथे टाकलेलं नाही. ढाल, दिवे, इंजिन, गिअर, सगळं पुढच्या चाकांच्या आसपास. आणि ओढणारी चाकं तीच.

मिन्स्क ते रांस, जानेवारी १९६४

लाल गाडी, पांढरं छप्पर, नंबर ३३ ईजेबी, दारावर ३७ हा आकडा. चालक बेलफास्टचा पॅडी हॉपकर्क, शेजारी वाटाड्या हेन्री लिडन. तुम्ही मागच्या बाजूला, सुट्या चाकांच्या आणि कोटांच्या मध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसला आहात. माँटे कार्लो रॅलीची तऱ्हाच निराळी: युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून गाड्या निघतात, फ्रान्समध्ये रांसला एकत्र येतात आणि तिथून एकाच वाटेने आल्प्समधून समुद्राकडे उतरतात. ही गाडी निघाली आहे सोव्हिएत संघातल्या मिन्स्कहून. बाहेर पांढऱ्या सपाटीशिवाय काही नाही. वेळ भरपूर आहे, तेवढ्यात एक गणित करू.

गाडी, दोन माणसं आणि हे सगळं बाडबिस्तर मिळून ८५० किलो धरा. पुढच्या चाकांवर त्यातले ५०० धरायला हरकत नाही. बर्फावर रबराची पकड वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी असते असं मानू. म्हणजे पुढची चाकं रस्त्याला जास्तीत जास्त १०० किलो जोराने मागे रेटू शकतात. त्याहून जास्त जोर दिला की ती जागच्या जागी फिरणार. ताशी ५० किलोमीटरला हा १०० किलोचा रेटा द्यायला किती ताकद लागते? सुमारे १८ हॉर्सपॉवर.

पुन्हा वाचा. अठरा. डाउंटनचा रॉकेलचा थेंब, सर्बिटनचे जोडकार्बोरेटर, सरकवलेले सिलिंडर, सगळ्याच्या शेवटी या वेगाला बर्फ तुमच्याकडून फक्त अठरा घोडे स्वीकारतो. १९५९च्या मूळ गाडीकडेही त्याच्या जवळपास दुप्पट होते. ज्याच्याकडे तीनशे आहेत त्याचेही बाकीचे हवेतच जातात. उलट त्याचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असेल, तर वजन एकीकडे आणि काम दुसरीकडे.

म्हणून खरी ट्यूनिंग इथे टायरमध्ये आहे. टायरमधून पोलादी खिळे डोकावतात. त्यांनी पकड दुप्पट झाली तर अठराचे छत्तीस घोडे कामाला येतात. इंजिनाला हातही न लावता ताकद दुप्पट. टायर अरुंद आहे हेही भाग्यच, तो मऊ बर्फावर तरंगत नाही, कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. पण खिळ्यांचा दुसरा चेहरा लगेच समोर येतो. बर्फ संपून कोरडं डांबर लागलं की तेच खिळे रबराला जमिनीपासून वर उचलून धरतात. गाडी घसरते आणि खिळे उपटून निघतात. एका घाटात दोन्ही असतं. कोणत्या टप्प्याला कोणते टायर, हा निर्णय दहा हॉर्सपॉवरपेक्षा महाग पडू शकतो.

मग एवढी ताकद वाढवली कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण चढ आहे, कोरडे तुकडे आहेत, आणि प्रत्येक वळणानंतर शून्यापासून पुन्हा धावायचं आहे. जिथे पकड आहे तिथे घोडे हवेत, जिथे नाही तिथे ते सौम्यपणे द्यायला हवेत. कमी आरपीएमला मान टाकणारं आणि मग अचानक उसळणारं इंजिन बर्फावर शत्रू ठरतं. पोर्ट फार मोठं का करायचं नाही, ते आता पायाच्या अंगठ्याला कळतं.

कॉल द तुरिनी

समुद्रसपाटीपासून १६०७ मीटर. गाडीतून उतरून एका केसपिनी वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहा. उन्हाचं तोंड न पाहणाऱ्या उतारावर बर्फ आहे. काळाच्या प्रवासात एक सोय असते, क्रम आपल्या हातात असतो. आधी फोर्ड फाल्कन बघा.

ती दिसायच्या आधी ऐकू येते. अमेरिकन व्ही-८, चार लिटरच्या वर. स्वीडनचा बो ल्युंगफेल्ट ती चालवतो आहे, आणि आजचा तो सगळ्यात वेगवान माणूस आहे. गाडी वळणाशी येते, नाक आत टाकते, मागचा भाग बाहेर झुलतो. मग तो पाय देतो आणि मागची चाकं भिंगरीसारखी सुटतात. इंजिन किंचाळतं, बर्फाचा फवारा तुमच्या बुटांवर येतो, पण गाडी काही क्षण जवळजवळ तिथेच असते. मग कुठेतरी डांबराचा तुकडा सापडतो आणि ती बंदुकीच्या गोळीसारखी दिसेनाशी होते. वळणात घालवलेलं सरळ रस्त्यावर भरून काढायचं, हा तिचा मार्ग.

आता मिनी. आधी हॉपकर्कची नको, संघातल्या फिनलंडच्या टिमो मॅकिनेनची बघा. मागून पाहा आणि कानही उघडे ठेवा. गाडी वळणाशी येते. ब्रेकचे लाल दिवे लागतात. आणि इंजिनाचा आवाज खाली येत नाही! ब्रेक लागलेला आहे आणि तरीही अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच आहे. दोन्ही एकदम. डावा पाय ब्रेकवर, उजवा पेट्रोलवर, क्लचकडे कोणी पाहत नाही.

काय घडतं आहे ते सावकाश बघा. ब्रेक चारही चाकांना लागला. पण पुढच्या चाकांना इंजिन फिरवत ठेवतं आहे, ती अडकत नाहीत, दिशा पाळत राहतात. मागच्या चाकांना कोणी फिरवत नाही, ती ब्रेकखाली अडखळतात, पकड सोडतात आणि गाडीचं शेपूट अलगद बाहेर येतं. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी एरवी वळणात नाक बाहेर काढायचा हट्ट करते. इथे ती स्वतःच्या भोवती फिरून पुढच्या रस्त्याकडे तोंड करते. मॅकिनेन डावा पाय उचलतो. लाल दिवे विझतात, इंजिन आधीच दमात आहे, पुढची चाकं गाडीला ओढत बाहेर काढतात. सगळं मिळून एक श्वास.

या युक्तीसाठी एकही भाग बदललेला नाही. ती गाडीत बसवता येत नाही, पायात बसवावी लागते. फिनलंडच्या गोठलेल्या तळ्यांच्या देशातून आलेल्या मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन यांनी ती संघात आणली आणि हॉपकर्कही ती त्यांच्याकडूनच शिकला.

आता ३७ नंबर. तो निघून जातो तेव्हा घड्याळ बघा. या घाटात हॉपकर्क त्या प्रचंड फोर्डपेक्षा १७ सेकंदांनी मागे आहे. मागेच आहे, हे विसरू नका. मिनीने फाल्कनला निव्वळ वेगात हरवलं, अशी दंतकथा पुढे सांगितली जाईल. ती खरी नाही. रॅलीच्या नियमांत इंजिनाचा आकार आणि गाडीचा गट पाहून वेळेचा हिशेब जुळवला जातो. तो जुळवल्यावर मिनी पुढे आहे. यात कमीपणा कसला? चौथ्या हिश्श्याएवढं इंजिन घेऊन घाटात सतराच सेकंद मागे राहणं, हाच पराक्रम आहे.

शेवटी मोनाकोच्या रस्त्यांवर फेऱ्यांची शर्यत होते, आघाडी टिकते. हॉपकर्क आणि लिडन पहिले, ल्युंगफेल्ट दुसरा, साबमधला एरिक कार्लसन तिसरा, मॅकिनेन चौथा, आल्टोनेन सातवा. साबही छोटी, साबलाही पुढच्याच चाकांची ओढ. पहिल्या चारांत तीन गाड्या एकाच पंथाच्या.

मोनाको, जानेवारी १९६६

दोन वर्षं पुढे या. मधल्या १९६५ साली मॅकिनेनने भयंकर हिमवादळातून मिनी आणून पुन्हा पहिला क्रमांक घेतला. आता १९६६. यंदा नियम बदलले आहेत. ज्या गाड्या वर्षात किमान पाच हजार बनतात आणि जवळपास दुकानातल्यासारख्याच असतात त्यांना झुकतं माप आहे, म्हणून अ‍ॅबिंग्डनने १२७५ सीसीच्या कूपर एस तशाच, जवळपास मूळ रूपात आणल्या. ग्राइंडरची करामत नाही. तरीही मॅकिनेन, आल्टोनेन, हॉपकर्क: पहिला, दुसरा, तिसरा.

तांत्रिक तपासणीच्या शेडमध्ये शिरा. परीक्षकांचा विश्वास बसत नाही. दुकानातली गाडी अशी धावणारच नाही, कुठेतरी लबाडी आहे. ते इंजिन खोलतात. सुटे भाग मोजतात, तुलना करतात, पुन्हा मोजतात. तासन् तास जातात. इंजिनात काही सापडत नाही.

सापडतं ते दिव्यांत. हेडलाइटचे आयोडीन बल्ब एकाच तारेचे आहेत, दिवा खाली करायची सोय नियमात म्हटल्यासारखी नाही. तिन्ही मिनी बाद. त्यांच्यामागे आलेली एक फोर्डही बाद. पहिला क्रमांक सिट्रोएनच्या पाउली टोइवोनेनला दिला जातो, आणि त्यालाही असल्या विजयाचा आनंद होत नाही. वर्तमानपत्रांत एवढा गदारोळ उठतो, की जिंकून मिळाली नसती तेवढी प्रसिद्धी गाडीला हरून मिळते. पुढच्या वर्षी आल्टोनेन येऊन क्रमांक परत घेऊन जातो, दिवे नियमात ठेवून.

त्या परीक्षकांची चूक दिव्यांच्या बाबतीत असेल नसेल, शोधाच्या बाबतीत नक्की होती. ते एक भाग शोधत होते. एखादा चोरटा कॅम, एखादं मोठं पोर्ट, जे मेजावर ठेवून बोट दाखवता येईल. १९६६च्या त्या गाड्यांत असा भाग नव्हताच, आणि १९६४च्या गाडीत होते त्यांनी एकट्याने काही केलं नव्हतं. वजन ओढणाऱ्या चाकांवर होतं, टायर रस्त्याप्रमाणे निवडले होते, ब्रेक आधी आले होते, गिअर इंजिनाला दमात ठेवत होते, आणि डावा पाय रिकामा बसलेला नव्हता. घोडे वाढवणं हे या यादीत शेवटचं काम होतं, पैसे मात्र सगळ्यात जास्त त्यालाच लागतात. तुमच्या दारात एखादी छोटी गाडी उभी असेल आणि तिच्यावर खर्च करायची खुमखुमी आली असेल, तर गॅरेजवाल्याने दिलेली सुट्या भागांची यादी खालून वर वाचायला सुरुवात करा. पहिली ओळ टायरची असू द्या.